टीपी-लिंक आर्चर टी२यू प्लस: जांभ्याच्या भिंतीआडच्या डेस्कटॉपसाठी

कोकणातल्या घरात फायबरची तार पडवीतून आत येते आणि राऊटर तिथेच खिळ्याला लटकतो. डेस्कटॉप आतल्या खोलीत, मध्ये जांभ्याच्या एक-दोन जाड भिंती. अशा संगणकाला वाय-फाय द्यायचा स्वस्तातला बरा उपाय म्हणजे हा यूएसबी अडॅप्टर. साधारण हजार रुपयांच्या घरात मिळतो आणि काम चोख करतो. फक्त खोक्यातून काढून कॅबिनेटच्या मागे खुपसला की झालं, असं समजू नये.

त्याआधी तो घ्यायची गरज आहे का, ते बघा. बऱ्याच स्वस्त मदरबोर्डवर (संगणकातल्या मुख्य सर्किट बोर्डावर) वाय-फाय नसतंच. सेटिंग्जमध्ये कितीही धुंडाळलं तरी वाय-फायचं बटण सापडणार नाही. पण कॅबिनेटच्या मागे लॅन पोर्टजवळ आटे असलेले दोन सोनेरी खुंट दिसले, तर बोर्डात वाय-फाय आहे. त्यांवर लावायचे अँटेना बोर्डाच्या खोक्यात येतात, आणि ते खोकं पुष्कळदा दुकानातच राहतं. अँटेना नसले की राऊटर शेजारच्या टेबलावर असेल तरच रेंज येते. अशा वेळी नुसती अँटेनाची जोडी आणा, अडॅप्टरवर पैसे घालू नका.

खुंट आहेत, अँटेना आहेत, तरी डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधल्या जोडलेल्या उपकरणांच्या यादीत) बोर्डातल्या वाय-फाय कार्डाचं नाव नाही? बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, ते बंद केलेलं नाही ना, बघा. मग संगणक बंद करून पॉवर केबल काढा, पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा आणि पुन्हा चालू करा. विंडोजमधली लवकर सुरू होण्याची सोय, फास्ट स्टार्टअप, चालू असेल तर विंडोजचं शटडाऊन अर्धवटच असतं, बोर्डाला स्टँडबाय वीजही मिळत राहते, त्यामुळे अडकलेलं कार्ड अडकलेलंच राहतं. पावसाळ्यात वीज ये-जा करते तेव्हा हे हमखास होतं. कार्डाचं नाव दिसतंय पण बटण नाही, असं असेल तर सर्व्हिसेसमध्ये 'डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग' चालू आहे का ते पाहा.

आता टी२यू प्लस. २.४ गिगाहर्ट्झवर २००, ५ गिगाहर्ट्झवर ४३३ एमबीपीएस, एकच ५ डीबीआयचा (डीबीआय हे अँटेनाच्या ताकदीचं माप) अँटेना, यूएसबी २.०. खोक्यावरचे आकडे राऊटर-अडॅप्टरमधल्या जोडणीच्या कमाल वेगाचे, प्रत्यक्ष नेटचे नव्हेत. हातात त्याच्या निम्मं पडलं तरी चांगलं म्हणायचं. १०० एमबीपीएसच्या फायबर प्लॅनला एवढं पुरतं. एकाच भिंतीआड ५ गिगाहर्ट्झ छान चालतो. दोन भिंती आणि वाटेत लोखंडी कपाट आलं की २.४ वरच यावं लागतं. राऊटरने दोन्ही बँडना (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांना) एकच नाव दिलं असेल तर अडॅप्टर कधी इकडे कधी तिकडे उड्या मारतो. दोन वेगळी नावं द्या. ५ गिगाहर्ट्झचं नाव यादीत येतच नसेल तर राऊटरचा चॅनल 'ऑटो'वरून काढून ३६ ते ४८ मध्ये ठेवा.

जोडायची जागा ही यातली खरी गोम आहे. कॅबिनेट म्हणजे पत्र्याचा डबा. मागच्या पोर्टला लावलेला अडॅप्टर पत्रा आणि भिंत यांच्या बेचक्यात बसतो. शेजारच्या निळ्या यूएसबी ३.० पोर्टला बाहेरची हार्ड डिस्क चालू असली, तर तिचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो: फाइल कॉपी करायला घेतली की नेट रांगतं, कॉपी संपली की पळतं. मीटर-दीड मीटरची यूएसबी एक्स्टेंशन केबल घ्या, अडॅप्टर टेबलावर दरवाजाच्या रोखाने ठेवा, अँटेना उभा करा. अडॅप्टर बदलण्याआधी ही केबल लावून बघाच.

अडॅप्टर चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, विंडोज १० आणि ११ स्वतः शोधतात, पण त्याला नेट लागतं, आणि नेटसाठीच तर हा खटाटोप. अँड्रॉइड मोबाईल डेटा केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा; संगणकाला तात्पुरतं नेट मिळतं. ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून उतरवणार असाल तर अडॅप्टरवरच्या स्टिकरची आवृत्ती वाचून तीच निवडा. काही वेळाने वाय-फाय आपोआप गायब होत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये अडॅप्टरच्या पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची खूण काढा. नेटवर्क रिसेट शेवटी. त्यात साठवलेले सगळे वाय-फाय पासवर्ड जातात. जुन्या लिनक्सवर ड्रायव्हर हाताने बांधावा लागतो आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) बदलला की पुन्हा तेच, त्यामुळे लिनक्सवाल्यांनी याच कंपनीचा टी३यू प्लस घ्यावा. त्याच्या चिपचा आधार कर्नल ६.२ पासून आहे.

खारी हवा मात्र कुठल्याच कंपनीला सोडत नाही. मालवण, गुहागर, दापोलीच्या किनाऱ्यालगतच्या घरांत यूएसबीच्या पट्ट्यांवर हिरवट थर धरतो. लक्षण ओळखीचं: अडॅप्टर किंचित हलवला की जोडल्याचा 'टिंग' आवाज येतो, सोडला की तुटल्याचा. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या काडीने, संगणक बंद ठेवून, पोर्ट आणि पिन दोन्ही पुसा. आत बसणारं पीसीआय एक्सप्रेस कार्ड असेल तर त्याच्या सोनेरी कडेवर पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवा आणि चुरा नीट झाडा. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला आतली बारीक वायर असते, ती आधी कुजते, म्हणून एक्स्टेंशन मागेच लावावी. पावसात संगणक आठवडाभर बंद ठेवू नका. रोज तासभर चालवला की आतल्या उबेने ओल धरत नाही.

बोटाच्या पेराएवढे नॅनो अडॅप्टर मात्र घेऊ नयेत. अँटेना नावापुरता, स्वस्तातले निव्वळ २.४ वाले, आणि जांभ्याआड ते दमतात. लॅपटॉपचं एम.२ कार्ड (बोर्डावर आत बसणारं छोटं वाय-फाय कार्ड) डेस्कटॉपला लावायचा विचार असेल तर इंटेल एएक्स२०१ टाळा. ते ठराविक इंटेल प्रोसेसरच्या बोर्डावरच चालतं, एएमडीवर ओळखलंच जात नाही. एएक्स२१० दोन्हीकडे चालतं.

ज्यांचा धंदाच संगणकावर आहे, म्हणजे सेवा केंद्र, होमस्टेचं बुकिंग, एप्रिल-मेमधल्या आंब्याच्या ऑर्डरी, त्यांनी वाय-फायच्या भरीला न पडता केबल ओढावी. शुद्ध तांब्याची कॅट ६ घ्या, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नको. उघड्यावरून जाणार असेल तर काळ्या आवरणाची, बाहेर वापरायची. १०० मीटरपर्यंत अडचण नाही. पण घर आणि गोठा, किंवा घर आणि आंब्याची शेड अशा दोन इमारतींमध्ये तांब्याची तार उघड्यावरून नेऊ नका. जवळपास वीज पडली तरी दोन्ही टोकांचे पोर्ट एकदम जातात. तिथे फायबर टाकून दोन्हीकडे मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन केबल जोडणारी डबी) बसवा.