२० मिनिटांची डुलकी की दीड तासाची झोप?

दुपारी डोळे जड होतात ते केवळ वरणभातामुळे नाही. शरीराच्या घड्याळातच त्या सुमारास एक उतार असतो. मग आडवं किती वेळ व्हायचं?

मेन रोडवरच्या दुकानदाराला किंवा परीक्षेच्या तयारीतल्या मुलांना मी २० मिनिटांची डुलकीच सुचवेन. एवढ्यात झोप सहसा गाढ होत नाही, त्यामुळे उठल्यावर डोकं हलकं वाटतं, कामात लक्ष लागतं. नासाने लांब पल्ल्याच्या वैमानिकांवर केलेल्या अभ्यासात सरासरी २६ मिनिटांच्या झोपेनेही सतर्कता वाढलेली दिसली. गजर मात्र लावाच. पाऊण तासाने, ऐन गाढ झोपेतून उठलात तर सुस्ती लवकर जात नाही.

दीड तासात झोपेचं एक चक्र, म्हणजे हलकी, मग गाढ आणि पुन्हा हलकी झोप, साधारण पूर्ण होतं. नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यांत रात्रपाळीला निघणाऱ्यांना हीच झोप हवी. यंत्रासमोर डोळा लागणं जिवावर बेतू शकतं. (रात्री जागणाऱ्यांना आयुर्वेदही दिवसा झोपायची मोकळीक देतो.) घरच्यांनी तेवढा वेळ टीव्ही बंद ठेवावा, हे आग्रहाने सांगते.

रात्री झोप न लागणाऱ्यांनी दीड तासाच्या वाटेला जाऊ नये. डुलकीही दुपारी तीन वाजायच्या आत. आणि रात्री पुरेसं झोपूनही रोज दुपारी डोळे उघडे राहत नसतील, तर डॉक्टरांना दाखवा.