तलवारीआधी भाताचा वाडगा: ‘सेव्हन समुराई’ आणि ‘हाराकिरी’

गेल्या महिन्यात लागोपाठ दोन शनिवारी रात्री मी आणि माझा पंधरा वर्षांचा मुलगा दोन जुने जपानी सिनेमे बघायला बसलो. पहिल्या शनिवारी अकिरा कुरोसावांचा ‘सेव्हन समुराई’ (१९५४), दुसऱ्या शनिवारी मासाकी कोबायाशींचा ‘हाराकिरी’ (१९६२). माझी दोन्हींची पारायणं झाली आहेत, त्याची पहिलीच वेळ. “काळा-पांढरा, त्यात साडेतीन तास, आणि शिवाय खालची भाषांतरं वाचत बसायचं?” अशी त्याची कुरकुर होती. मी म्हटलं, एक तास बस, मग उठायचं तर खुशाल ऊठ. तो उठला नाही. सत्तर वर्षांपूर्वीच्या सिनेमात असं काय आहे की आजचं पोर जागचं हलत नाही, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. हे लिहायला बसले ते त्यासाठीच.

माझ्यापुरतं उत्तर ‘सेव्हन समुराई’च्या पहिल्या तासातच आहे, आणि त्या तासात लढाईचा मागमूस नाही. सोळाव्या शतकाचा शेवट, यादवीचा काळ. डोंगरातल्या एका गावावर पीक हाताशी आलं की दरोडेखोर तुटून पडतात. गावकरी ठरवतात, आपण सामुराई, म्हणजे पेशाने लढवय्ये, भाड्याने आणायचे. मजुरी काय द्यायची? पोटभर भात. त्यांच्याकडे दुसरं काही नाहीच. चार जण गावाबाहेर पडतात, एका कळकट धर्मशाळेत मुक्काम टाकतात आणि रस्त्याने जाणाऱ्या सामुराईंना विनवण्या करत राहतात. कुणी हाकलतो, कुणी खाऊन पसार होतो. त्यात त्यांचा तांदूळ चोरीला जातो. योहेई नावाचा त्यांच्यातला सगळ्यात भित्रा, रडव्या चेहऱ्याचा शेतकरी जमिनीवर सांडलेले दाणे एकेक करून वेचतो. कॅमेरा त्याच्या बोटांवरून हलत नाही. माझी आजी सूप झटकल्यावर खाली पडलेले दाणे असेच वेचायची, चिमटीत एकेक. हे दृश्य आलं की दर वेळी मला आजीची बोटं दिसतात.

मग येतो तो वाडगा. काम्बेई हा अनुभवी, थकलेला सामुराई (ताकाशी शिमुरा) शेतकऱ्यांना नकार देऊन बसलेला असतो. धर्मशाळेतला एक मजूर, जो आत्तापर्यंत या शेतकऱ्यांची टिंगल करत होता, तोच उसळतो. काम्बेईसमोर भाताचा वाडगा धरतो आणि म्हणतो, हे तुम्हाला वाढतात, आणि स्वतः काय खातात माहीत आहे? वरीसारखं हलकं धान्य. काम्बेई वाडगा हातात घेतो, क्षणभर बघतो आणि सांगतो की हा भात मी वाया जाऊ देणार नाही. पुढचे अडीच तास, तो सगळा चिखल, पाऊस, घोडे, मृत्यू, या एका वाक्यावर उभे आहेत. युद्धाचं कारण इतक्या साधेपणाने सांगणारा दुसरा सिनेमा मला ठाऊक नाही.

काम्बेईची पहिली ओळखसुद्धा भातानेच होते. एक चोर लहान मुलाला ओलीस धरून खोपटात लपलेला असतो. काम्बेई नदीकाठी बसून डोकं भादरून घेतो, भिक्षूची वस्त्रं मागून घेतो, भाताचे दोन गोळे करायला सांगतो आणि ते गोळे घेऊन चोराकडे जातो. सामुराईची शेंडी म्हणजे त्याची इज्जत. अनोळखी पोरासाठी ती तो उतरवून टाकतो, आणि बघ्यांच्या गर्दीला समजतच नाही की हा माणूस हे का करतोय. नंतर सिनेमाभर काम्बेई अधूनमधून आपल्या भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवत राहतो. शिमुरांची ही लकब मला सिनेमातला दुसरा मोठा नट तोशिरो मिफुने याच्या सगळ्या उड्यांपेक्षा जास्त आवडते. ती शेंडी लक्षात ठेवा, पुन्हा लागणार आहे.

मिफुनेंच्या किकुचियोबद्दल, सात जणांतल्या त्या उनाडाबद्दल, किती लिहावं! आधी तो नुसता धिंगाणा वाटतो. मग तो गावकऱ्यांनी लपवलेली चिलखतं शोधून आणतो. ती मेलेल्या, पळणाऱ्या सामुराईंना लुटून मिळवलेली असतात, त्यामुळे बाकीचे सामुराई संतापतात. तेव्हा किकुचियो फुटतो. हो, शेतकरी लबाड आहेत, कंजूष आहेत, खुनी आहेत, पण त्यांना तसं केलं कुणी? तुम्ही! बोलता बोलता त्याच्या चेहऱ्यावरून कळतं की हा स्वतः शेतकऱ्याचा पोर आहे. माझा मुलगा इथे सोफ्यावरून पुढे सरकून बसला. आणि पुढे जळत्या पाणचक्कीजवळ किकुचियो अनाथ बाळाला छातीशी धरून ओढ्यात बसतो आणि म्हणतो, हा मीच आहे, माझंही असंच झालं होतं. तिथे आम्ही दोघंही गप्प होतो.

शेवटच्या पावसातल्या लढाईबद्दल जगभर लिहिलं गेलंय, म्हणून थोडक्यात. कुरोसावांनी गाव स्टुडिओत न उभारता इझु द्वीपकल्पात उभारलं, आणि लढाई एकाच वेळी अनेक कॅमेऱ्यांनी टिपली. म्हणून तो चिखल खरा वाटतो, घसरणारा घोडा खराच घसरतो. मला मात्र हिशेबाचा कागद जास्त महत्त्वाचा वाटतो. चाळीस दरोडेखोर, चाळीस वर्तुळं, एक मेला की एक वर्तुळ खोडायचं. बघणाऱ्यालाही कायम ठाऊक असतं की किती उरलेत. गावाचा नकाशा तर असा डोक्यात बसतो की आपण तिथे राहून आलोय असं वाटावं. आणि सात जणांपैकी जे चार जण जातात, ते चौघंही बंदुकीच्या गोळीने जातात, तलवारीने एकही नाही. क्युझोसारखा तलवारीचा उस्ताद, ज्याच्या सुरुवातीच्या द्वंद्वात हरलेला माणूस आवाजसुद्धा न करता संथपणे कोसळतो, तो लांबून आलेल्या गोळीने पडतो. एक शब्दही न बोलता कुरोसावा सांगून जातात की या लोकांचा काळ संपला.

खोट काढायचीच तर तरुण कात्सुशिरो आणि शेतकऱ्याची मुलगी शिनो यांचं प्रेमप्रकरण. फुलांच्या रानात ते जरा रेंगाळतं. मुलगा तिथे पाणी प्यायला उठला, मीही थांबवलं नाही.

आता खरेदीबद्दल, कारण इथे मी दोनदा फसले आहे. या सिनेमाची पूर्ण लांबी २०७ मिनिटं आहे. परदेशात दाखवण्यासाठी त्याची छाटलेली आवृत्तीही निघाली होती. मी वर्षांपूर्वी घेतलेली पहिली डीव्हीडी अशीच होती, आणि वेष्टनावर त्याचा उल्लेखही नव्हता. त्या आवृत्तीत माणसं ओळखीची व्हायच्या आत मरत होती, आणि मला कळेना की लोक याला एवढं का नावाजतात. ‘हाराकिरी’ची माझी जुनी प्रत तर आणखी वाईट. तो रुंद पडद्याचा सिनेमा आहे, आणि टीव्हीचा चौकोन भरावा म्हणून त्या प्रतीत दोन्ही बाजू कापल्या होत्या. प्रशस्त अंगणाच्या मधोमध पांढऱ्या चटईवर एकटा माणूस, चारही बाजूंना रांगेत बसलेले शिपाई, ही त्या सिनेमाची सगळी रचना. बाजू कापल्यावर नुसता एक माणूस बसलेला दिसतो, त्याला घेरलंय हे दिसत नाही. तेव्हा घेण्याआधी मिनिटं मोजा, आणि ‘हाराकिरी’च्या वेळी वर-खाली काळे पट्टे दिसले तर खूश व्हा. ‘सेव्हन समुराई’ची ४के तपशिलात नव्याने दुरुस्त केलेली प्रत २०२४ मध्ये, सिनेमाच्या सत्तराव्या वर्षी, फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात दाखवली गेली. तिच्यावरून काढलेली प्रत मिळाली तर तीच घ्या. पावसातले चेहरे आता एकमेकांपासून वेगळे ओळखू येतात.

दुसरा शनिवार. ‘हाराकिरी’ १३३ मिनिटांचाच, पण छातीवर जास्त जड बसतो. साल १६३०. देशात शांतता आलीय, आणि शांततेत लढवय्यांना काम नाही. घराणी बरखास्त झाल्यामुळे हजारो सामुराई बिनधन्याचे, म्हणजे रोनिन झालेत. एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, एक टूम निघते: मोठ्या घराण्याच्या वाड्यावर जायचं, तुमच्या अंगणात मला सन्मानाने पोट फाडून मरू द्या म्हणायचं, आणि नको ती ब्याद म्हणून ते चार पैसे देऊन वाटेला लावतात. ईई घराण्याच्या वाड्यावर हानशिरो त्सुगुमो नावाचा असाच एक रोनिन येतो. कारभारी त्याला आधीच्या एका तरुणाची, मोतोमेची, गोष्ट सांगून घाबरवू बघतो. त्या तरुणाला त्यांनी शब्द मागे घेऊ दिला नव्हता. त्याच्या म्यानात पोलाद नव्हतंच, बांबूचं पातं होतं. आणि त्याच बांबूच्या पात्याने त्यांनी त्याला पोट फाडायला लावलं.

ते दृश्य बघवत नाही. मी मुलाला आधी सांगून ठेवलं होतं, आणि तुमच्यासोबत कुणी लहान असेल तर तुम्हीही सांगा. रक्त फारसं दिसत नाही, दिसतो तो चेहरा आणि ऐकू येतं ते बांबूचं न घुसणं.

मग हानशिरो आपली बाजू सांगायला लागतो, आणि कळतं की मोतोमे त्याचा जावई होता. घरात बायको आणि तान्हं मूल तापाने फणफणलेलं, वैद्याला द्यायला पैसे नाहीत. मोतोमेने तलवारी केव्हाच विकून टाकल्या होत्या. सामुराईची तलवार म्हणजे त्याचा आत्मा असं सगळे म्हणत असताना या पोराने तो आत्मा औषधपाण्यासाठी विकला आणि कुणाला सांगितलंही नाही. हानशिरोला हे कळतं तेव्हा मोतोमेचा देह दारात आलेला असतो.

तात्सुया नाकादाई तेव्हा तिशीच्या आतले होते. आजोबा झालेल्या माणसाचं काम त्यांनी केलंय आणि एका क्षणीही वय खोटं वाटत नाही. सगळं आवाजात आहे, पोटातून येणारा, हळू, घाई नसलेला आवाज. गंमत म्हणजे हेच नाकादाई ‘सेव्हन समुराई’त आहेत: शेतकरी रस्त्यावरचे सामुराई न्याहाळत असतात तेव्हा काही सेकंद चालत जाणारा एक जण. कुरोसावांनी ते चालणं त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतलं होतं. दोन्ही सिनेमांत आणखी एक समान माणूस आहे, पटकथाकार शिनोबु हाशिमोतो. ‘सेव्हन समुराई’ त्यांनी कुरोसावा आणि हिदेओ ओगुनी यांच्यासोबत लिहिला, ‘हाराकिरी’ एकट्याने. मला तर हे दोन सिनेमे एकाच हाताने आठ वर्षांच्या अंतराने लिहिलेली दोन पत्रं वाटतात.

आता ती शेंडी. हानशिरोने ईई घराण्याच्या तीन नामांकित योद्ध्यांना जिवंत सोडून त्यांच्या शेंड्या कापल्यात. ते तिघंही आजारी असल्याचं सांगून घरात दडून बसलेत, केस वाढेपर्यंत! बोलता बोलता हानशिरो त्या शेंड्या एकेक करून अंगणात टाकतो. “आई, तो आधीचा म्हातारा तर स्वतःच कापून घेतो ना?” मुलगा म्हणाला. इतक्या वेळा पाहूनही हे दोन्ही धागे मी कधी एकत्र धरले नव्हते. काम्बेई पोरासाठी शेंडी सोडतो, आणि इथे शेंडी वाचवायला तीन योद्धे अंथरुणात लपतात.

कोबायाशींना हा राग कुठून आला हे त्यांच्या आयुष्यावरून समजतं. दुसऱ्या महायुद्धात त्यांना सक्तीने सैन्यात नेलं, मांचुरियात पाठवलं, आणि साध्या शिपायाच्या वरची बढती त्यांनी घेतली नाही. आज्ञा, सन्मान, घराण्याची परंपरा या शब्दांच्या आड काय चालतं हे त्यांनी आतून पाहिलं होतं. सिनेमाची सुरुवात पूर्वजांच्या रिकाम्या चिलखताने होते. वाड्यातले सगळे त्याच्यापुढे वाकतात, आणि आत कुणीच नसतं. शेवटी घराण्याच्या रोजनिशीत त्या दिवसाची जी नोंद होते, ती वाचून माझा मुलगा चिडून उभा राहिला. ती नोंद मी सांगणार नाही. तोरु ताकेमित्सुंचं संगीत तर वेगळ्याच पातळीवरचं: बिवा नावाच्या तंतुवाद्याचा एकच झणका, मग पुन्हा शांतता. हेडफोन लावून पाहा.

कुणाला थेट एवढ्या जड गोष्टीने सुरुवात नको असेल तर कुरोसावांचाच ‘योजिम्बो’ (१९६१) आधी बघा, ११० मिनिटांत भरपूर मजा आहे. त्याच्या पुढचा ‘सांजुरो’ (१९६२) त्याहून लहान, आणि त्याचं शेवटचं द्वंद्व म्हणजे दोन माणसं समोरासमोर नुसती उभी, कितीतरी वेळ, आणि मग एकाच झटक्यात सगळं संपतं. पण मला विचाराल तर मी ‘सेव्हन समुराई’पासूनच सुरू करा म्हणेन. मध्यंतर सिनेमातच दिलेलं आहे, तिथे जेवून घ्या.

‘हाराकिरी’ संपला तेव्हा बारा वाजून गेले होते. मी दिवा लावला. मुलाने माझ्या हातातून रिमोट घेतला आणि सिनेमा मागे नेला, जावयाचा देह घरी आणतात तिथपर्यंत. हानशिरो ते बांबूचं पातं बघतो, मग आपल्या कमरेच्या तलवारीकडे बघतो, आणि हे निरुपयोगी लोखंड मी कवटाळून बसलो म्हणून रडायला लागतो. “त्याला विकायचं सुचलंच नाही ना?” मुलाने विचारलं. मी म्हटलं, नाही सुचलं. त्याने दृश्य पुन्हा एकदा लावलं.