लिंकनची दोन घरगुती पत्रं

पहिलं १६ एप्रिल १८४८ चं, वॉशिंग्टनहून बायकोला, मेरीला. ती इथे होती तेव्हा कामात अडथळा वाटायचा. आता नुसतं कामच उरलं, तर तेही बेचव झालंय, असं तो कबूल करतो. आणि मुलासाठी शोधलेले ते छोटे चौकटीचे मोजे! एका दुकानदाराने धंदाच बंद केलेला, दुसऱ्याकडे तसे नव्हतेच. मी दरवेळी या मोज्यांपाशी रेंगाळते.

दुसरं १२ जानेवारी १८५१ चं, सावत्रभावाला. वडील शेवटच्या दुखण्यात. भेटायला न जाण्याचं कारण आहेच, बायको आजारी. पण आता भेटलो तर आनंदापेक्षा क्लेशच जास्त होतील, हेही लिहितो. वडील पाच दिवसांनी गेले.

आधी कुठलं वाचावं? माझ्या मते दुसरंच. त्यात दुरावा लपवलेला नाही, तरी वडिलांना सांगायला लावतो: चिमणी पडली तरी ज्याला कळतं, त्या देवावर भरवसा ठेवा.