ढोकरा की गुळगुळीत पितळ? शोकेससाठी काय घ्यावं

आमच्या परळच्या वनबीएचकेत ढोकरा, म्हणजे हाताने घडवलेल्या ओतीव धातूच्या मूर्ती, आणि गुळगुळीत पितळ, दोन्ही आहेत म्हणून सांगते. मुरादाबादी पितळेचा हत्ती एकदम चकाचक, साच्यातून निघतो त्यामुळे जोडी हवी तर सेम टू सेम मिळते, किंमतही बरी. बस.

ढोकरा मात्र वेगळंच प्रकरण आहे, बस्तरचा, कोंडागावकडचा. आधी मातीचा गाभा, त्यावर मेणाचे शेवयांसारखे बारीक धागे गुंडाळून नक्षी, वरून परत माती, मग भट्टीत मेण वितळून जातं आणि त्या जागेत धातू ओततात, आणि मूर्ती काढायला साचा फोडावाच लागतो म्हणून दुसरी डिट्टो निघतच नाही. माझ्या ढोकरा घोड्याचा एक कान जाड आहे, सासूबाई म्हणाल्या डिफेक्टिव पीस दिलाय गं तुला! मोहेंजोदडोची ती नाचणारी मुलगी पण याच पद्धतीची, जेमतेम १०.५ सेंमी.

आता पावसाळा. आपल्या दमट हवेत दोन्ही काळवंडतात, पण हत्ती चिंच लावून पाच मिनिटांत चमकतो, घोड्याला चिंच लावली तर चोथा त्या धाग्यांत अडकून बसतो आणि टूथब्रशने काढत बसा. त्याला कोरडा ब्रश पुरे, काळपटच छान दिसतो. गिफ्टला हत्ती द्या, स्वतःला घोडा.