सातारा-वाई रोजच्या अप-डाऊनला साडेतीनशे सीसीची गाडी : काय बघावं आणि मी होंडाची हायनेस का घेतली

रोजचं अप-डाऊन असलेल्या माणसानं शोरूममध्ये सीटवर बसून "वा, मऊ आहे" म्हणून गाडी ठरवू नये, हे मला सगळ्यात आधी सांगायचंय. मऊ सीट दहा मिनिटं छान वाटते, तासाभराच्या रस्त्याला तोच फोम दबतो आणि मग माणूस सारखा मागं-पुढं सरकत बसतो. आराम म्हणजे सीट थोडी आणि बाकीचं जास्त, हँडल-फूटरेस्ट-सीट यांचा मेळ कसा बसलाय, क्लच किती हलका आहे, खालच्या आरपीएमला (म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे कमी असताना) इंजिन ओढतंय का, आणि मुख्य म्हणजे गाडी थांबलेली असताना तिचं वजन तुम्हाला पेलतंय का.

मी राहायला साताऱ्यात राजवाड्याच्या वरच्या अंगाला, नोकरी वाईला. म्हणजे सकाळी पेठेतनं खाली उतरायचं, वाढे फाट्यावरनं हायवेला लागायचं, लिंबखिंड, आनेवाडीचा टोलनाका, पाचवडला डावीकडं आत वळायचं आणि वाई. जाऊन-येऊन सत्तरएक किलोमीटर होतात. वर्षाला धरा वीस हजाराच्या आसपास. आधी १२५ सीसीची होती, गावातल्या गावात अजून तीच काढतो, पण हायवेला मोठा ट्रक किंवा शिवशाही शेजारनं गेली की हलकी गाडी वाऱ्यानं ढकलली जाते, आणि ऐंशीच्या पुढं तिचं इंजिन ओरडायला लागतं, रोज तासन्‌तास ते अंगावर येतं. म्हणून साडेतीनशे ते चारशेमधल्या गाड्या बघायला सुरुवात केली. रॉयल एनफिल्डच्या हंटर, क्लासिक, मीटिअर, ट्रायम्फची स्पीड ४०० आणि होंडाची हायनेस सीबी३५०, एवढ्या चालवून बघितल्या, मित्रांकडनं मागून घेतलेल्या जास्त, शोरूमच्या कमी. कारण शोरूमवाले कुठलेही असोत, टेस्ट राइड म्हणून सर्व्हिस रोडला एक चक्कर मारून आणायला लावतात, तेवढ्यानं काही कळत नाही.

साताऱ्यात गाडी बघायची तर चढावर बघा. आपलं शहर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला उतारावर बसलंय, वरच्या पेठांत जाणारा प्रत्येक बोळ चढ आहे, त्यात शाळा सुटली की रिक्षा, व्हॅन, स्कूटी सगळं एकदम, आणि तुम्हाला चढावर अर्धा क्लच धरून इंच इंच पुढं सरकायचं असतं. इथं हॉर्सपॉवरचा आकडा काही कामाचा नाही. इथं टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर लागतो आणि तो खालच्या आरपीएमला लागतो. हायनेसला ३० न्यूटन मीटर टॉर्क आहे आणि तो ३००० आरपीएमलाच मिळतो, एनफिल्डच्या साडेतीनशे इंजिनला २७ आहे तो ४००० ला, स्पीड ४०० ला ३७.५ आहे पण ६५०० ला. आता कागदावर बघाल तर ट्रायम्फ सगळ्यांच्या पुढं, ४० पीएस ताकद, सहा गिअर, आणि मोकळ्या रस्त्याला ती गाडी खरंच भारी आहे, मला मनापासून आवडली. पण माझा रोजचा चढ दुसऱ्या गिअरला रेस न करता कोण चढतं एवढंच मला बघायचं होतं, आणि त्यात लांब स्ट्रोकची इंजिनं जिंकतात. हायनेसचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक ९०.५, म्हणजे पिस्टनचा प्रवास लांब, त्यामुळं कमी आरपीएमला पण इंजिन धडधड न करता ट्रॅक्टरसारखं नेटानं ओढत राहतं. एनफिल्डच्या नव्या इंजिनातही तोच विचार आहे, ७२ बाय ८५.८, आणि जुन्या बुलेटची हाताला मुंग्या आणणारी थरथर आता या इंजिनात राहिलेली नाही, हे ज्यांनी बऱ्याच वर्षांत एनफिल्ड चालवली नाही त्यांनी एकदा चालवून बघावं.

क्लचचं पण सांगतो कारण यावर कोणी बोलतच नाही. पोवई नाक्याला ग्रेड सेपरेटर झाल्यापासून तिथलं थांबणं कमी झालं तरी राजपथावर संध्याकाळी क्लच दाबणं-सोडणं चालूच असतं, आणि क्लच जड असेल तर डाव्या हाताची बोटं आखडतात. स्लिपर-असिस्ट क्लच म्हणतात तो असेल तर लिव्हर निम्म्या जोरात दाबला जातो असं वाटतं. हायनेसला तो पहिल्यापासून आहे, ट्रायम्फलाही आहे, हंटरला २०२५ च्या मॉडेलपासून दिलाय. सेकंडहँड बघणार असाल तर हे वर्ष लक्षात ठेवा, कारण हंटरच्या त्याच अपडेटमध्ये मागचं सस्पेन्शन बदललं, ग्राउंड क्लिअरन्स (गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची) १० मिलिमीटरनं वाढून १६० झाला आणि एलईडी हेडलाइट आला, म्हणजे रोजच्या वापराच्या दृष्टीनं ती जवळपास वेगळीच गाडी आहे. कमी उंचीच्या माणसाला, गावातच जास्त फिरणं असणाऱ्याला मी आज डोळे झाकून नवी हंटर सांगेन. १८१ किलो, सीटची उंची ७९० मिलिमीटर, छोटी चाकं, गर्दीत लय चपळ.

मीटिअरचं वेगळं आहे. तिची सीट ७६५ वर, सगळ्यात खाली, दोन्ही पाय पूर्ण टेकतात, टाकी १५ लिटरची, लांबच्या सरळ रस्त्याला मस्त. पण फूटरेस्ट पुढं असल्यामुळं बसलेल्या माणसाचं सगळं वजन माकडहाडावर जातं. खड्डा किंवा अचानक आलेला ब्रेकर दिसला की आपण नकळत फूटरेस्टवर जोर देऊन जरा उठतो ना, ते पाय पुढं असले की नीट जमत नाही, मग दणका थेट कमरेत. ज्यांची कंबर आधीच बोलतेय त्यांनी हे चालवून तपासावं. शेंद्र्यापासून पुढं कराडकडं जाणाऱ्यांना तर सहापदरीकरणाच्या कामामुळं डायव्हर्जन, उंचवटे, खडी सगळंच भेटतं, त्यांनी पाय सरळ खाली येणारी गाडीच बघावी असं माझं स्पष्ट मत आहे.

क्लासिकवर मी सगळ्यात जास्त अडकलो होतो. बसणं एकदम राजेशाही, पाठ सरळ, हँडल हातात आपोआप येतं. फक्त वजन १९५ किलो. चालताना १९५ किलो जाणवत नाही, उलट हायवेला ते वजन चांगलंच, गाडी रस्ता धरून राहते. जाणवतं ते पार्किंगला. आमच्या बोळात गाडी उताराकडं तोंड करून लावली तर सकाळी ती मागं ओढून काढताना काय होतं ते चढावर राहणाऱ्यालाच माहीत. हायनेस १८१ किलो आहे, १४ किलोचा फरक ऐकायला छोटा वाटतो, रोज सकाळी मागं ओढताना छोटा वाटत नाही. सपाटीला राहणाऱ्याला, कोडोलीला नाहीतर हायवेच्या कडेला मोठं अंगण असलेल्याला हा मुद्दाच येत नाही, त्यानं खुशाल क्लासिक घ्यावी. घेताना एवढंच बघावं की अलॉय व्हीलची घ्यायची की स्पोकची, कारण अलॉयवाल्या मॉडेलला ट्यूबलेस टायर येतात. दिसायला स्पोक कितीही देखणे असले तरी रात्री आठ वाजता आनेवाडीच्या अलीकडं पंक्चर झालं तर ट्यूबलेसमध्ये हवा भरत भरत घर गाठता येतं, ट्यूबच्या टायरला चाक खोलावंच लागतं.

आता मागं बसणाऱ्याचं. रिव्ह्यू करणारे सगळे एकटे चालवतात, आपल्याकडं घरात गाडी एक आणि बसणारी माणसं चार. माझी आई साडी नेसते आणि एका बाजूला बसते. साडेतीनशेच्या गाडीची मागची सीट आधीच उंच, त्यावर एका अंगानं चढायचं म्हणजे तिला कोणीतरी हात द्यावा लागतो नाहीतर ओट्याच्या कडेला गाडी लावावी लागते. साडीगार्ड आणि एका बाजूला बसणाऱ्याचा पाय ठेवायची पट्टी नीट आहे का, धरायला मागं दांडा कुठं आहे, हे कोणत्याही गाडीत हात लावून बघा. सीटचा मागचा भाग निमुळता असेल तर बाईमाणसाला उतारावर सारखं पुढं घसरल्यासारखं होतं. हायनेसची सीट मागं रुंद आणि सपाट आहे, माझ्या मते तिची खरी जमेची बाजू हीच. बायकोला घेऊन यवतेश्वरच्या घाटानं कासला गेलो होतो तेव्हा उतरल्यावर ती पाय मोकळे करायला थांबली नाही, सरळ फुलांकडं चालायला लागली, मला त्यातच कळलं.

उजेडाकडं पण बघा. थंडीत कारखाने चालू झाले की भुईंजच्या किसन वीर कारखान्याकडं जाणारे उसाचे ट्रॅक्टर पाचवडच्या पट्ट्यात रात्रभर असतात, मागं दोन दोन ट्रॉल्या, मागच्या ट्रॉलीला लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं भरलेला. असं काहीतरी अचानक अंधारातनं समोर येतं तेव्हा हेडलाइटचा झोत आणि पुढचा ब्रेक या दोनच गोष्टी तुमच्या बाजूनं असतात. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सोय, आता १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या गाड्यांना आहेच, २०१९ पासून सक्तीचं झालंय, पण मागच्या चाकालाही आहे का ते विचारा, काही गाड्यांच्या स्वस्त व्हेरिएंटला फक्त पुढंच असतं. आणि ट्रॉलीला ओव्हरटेक करताना चौथ्यातनं तिसऱ्यावर न येता गाडी निघते का हेही टेस्ट राइडला बघा. हायनेसचे गिअर लांब आहेत, पाचवा तर खास हायवेचा, त्यामुळं पन्नास-पंचावन्नला पाचव्यात राहून पटकन निघायची अपेक्षा ठेवू नये, एक गिअर खाली घेतला की निवांत जाते. मला त्याचा काही त्रास नाही, पण सारखे गिअर बदलायचा कंटाळा असणाऱ्यानं हे माहीत असू द्यावं.

पैशाचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी २८ वरनं १८ टक्क्यांवर आला आणि ३५० च्या वरच्यांचा ४० टक्के झाला, त्यामुळं ३४८-३४९ सीसीच्या गाड्या आणि ३९८ सीसीची ट्रायम्फ यांच्या हिशोबात आता करानंच मोठी भिंत घातलीय. शिवाय थर्ड पार्टी इन्शुरन्स बघा, नव्या गाडीला तो पाच वर्षांचा एकदम भरावा लागतो, १५० ते ३५० सीसीला २०२२ च्या दरानं ७,३६५ रुपये आणि ३५० च्या वर १५,११७, म्हणजे दुपटीच्या वर. कोटेशन घेताना ऑन रोडचा कागद ओळ ओळ वाचून घ्या, हँडलिंग चार्जेस आणि न मागितलेल्या ॲक्सेसरीज कुठं घुसल्यात ते तिथंच कळतं आणि बोलल्यावर कमीही होतात. पेट्रोलचं म्हणाल तर मला पस्तीसच्या आसपास मिळतं, रोजचे दोन लिटर, महिन्याला पन्नासच्या आत-बाहेर. १२५ ला तीस लिटरमध्ये भागत होतं. महिन्याचे दोन हजार जास्त जातात आणि ज्याला ते जड वाटतील त्यानं साडेतीनशेचा नाद करू नये, १२५ ला चांगला बॅकरेस्ट बेल्ट आणि नवे शॉकॲब्सॉर्बर लावून पण पुष्कळ फरक पडतो.

आणखी एक, स्प्लेंडर-शाइनवरनं येणाऱ्यांसाठी. त्या गाड्यांना चेन पूर्ण झाकलेली असते, या गाड्यांना उघडी. पावसाळ्यात हायवेचा चिखल थेट चेनवर येतो, म्हणून दर पाचशे किलोमीटरला पुसून चेनल्यूब मारावंच लागतं, माझ्यासारख्याला म्हणजे दर आठवड्याला. डबल स्टँड असेल तर हे काम पाच मिनिटांचं, नसेल तर दुसरा माणूस धरायला लागतो, म्हणून डबल स्टँड आहे का हे गाडीचा रंग ठरवायच्या आधी विचारा. वॉरंटीत वर्षं आणि किलोमीटर दोन्ही लिहिलेलं असतं आणि जे आधी संपेल ते धरतात, रोज सत्तर किलोमीटर चालवणाऱ्याचे किलोमीटर आधी संपतात, त्यामुळं एक्स्टेंडेड वॉरंटी घेताना किलोमीटरचाच आकडा बघा. सेकंडहँड घेताय तर एप्रिल २०२३ नंतर बनलेली बघा, त्या गाड्या ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलला धरून बनवल्यात आणि आता पंपावर सगळीकडं तेच पेट्रोल आहे.

टेस्ट राइडला जाताना घरचं माणूस सोबत न्या, त्याला मागं बसवूनच चढावर थांबून गाडी परत पुढं काढून बघा. शोरूमवाला नको म्हणाला तर ओळखीत कोणाकडं ती गाडी आहे ते शोधा, साताऱ्यात कोणी ना कोणी निघतंच, आणि एक दिवस तुमच्या नेहमीच्या वेळेला तुमच्याच रस्त्यानं ऑफिसला घेऊन जा. पेट्रोल भरून परत द्या.