टायटल केस की सेंटेन्स केस? इंग्रजी प्रबंध टाईप करायला देण्याआधी

मराठी शीर्षकाला ही कटकट नाही, देवनागरीत कॅपिटल अक्षरंच नाहीत. पण तालुक्याच्या माझ्या टायपिंगच्या दुकानात इंग्रजी प्रबंध येऊ लागले की हाच घोळ.

'ए स्टडी ऑफ कॉटन मार्केटिंग इन यवतमाळ डिस्ट्रिक्ट' हे शीर्षक घ्या. टायटल केसमध्ये 'ऑफ' आणि 'इन' सोडून सगळे शब्द कॅपिटलनं सुरू होतात. सेंटेन्स केसमध्ये पहिला 'ए' आणि 'यवतमाळ' एवढेच. मुखपृष्ठावर टायटल केस भारदस्त दिसतं, हे मान्य. बाइंडिंगवरच्या सोनेरी छपाईला तर सगळंच कॅपिटल शोभतं.

माझं गाडं अडतं ते बारक्या शब्दांवर. एपीए आणि शिकागो ही इंग्रजी लेखनाची दोन नियमपुस्तकं. 'विथ' आणि 'फ्रॉम' एपीए पद्धतीत कॅपिटल, शिकागो पद्धतीत लहान. 'बिट्वीन' शिकागोत लहान होतं, २०२४च्या १८व्या आवृत्तीत कॅपिटल झालं. 'इज' दोनच अक्षरांचं, पण क्रियापद म्हणून कॅपिटल. एका गाईडला 'विथ' मोठं लागतं, दुसऱ्याला लहान. प्रिंटचे पैसे मात्र पोरगं दोनदा भरतं.

"भाऊ, एका बटनानं करून द्या नं," असं बरेच जण म्हणतात. वर्डमध्ये शिफ्ट-एफथ्री आहे खरं, पण ते 'ऑफ', 'द' सगळ्यांनाच फेटे बांधतं. कपाशीच्या 'गॉसिपियम हिर्सुटम' या शास्त्रीय नावातला दुसरा शब्द शीर्षकातही लहानच हवा, तोही मोठा होतो. एकदा सगळं लहान करून पुन्हा फिरवलं, तर 'पीडीकेव्ही'चा (अकोल्याचं कृषी विद्यापीठ) फक्त 'पी' कॅपिटल उरतो.

सेंटेन्स केसलाही खोट आहे, नाही असं नाही. विशेषनाम ओळखता यावं लागतं. 'डिस्ट्रिक्ट' नावाचाच भाग धरायचा की साधा शब्द, यावर मीही थबकतो. पण अशी अडचण क्वचित येते, 'ऑफ-विथ'ची प्रत्येक उपशीर्षकात.

विद्यापीठानं किंवा गाईडनं पद्धत ठरवून दिली असेल तर तीच पाळा, वाद घालू नका. मोकळीक असेल तर, माझं आपलं मत, मुखपृष्ठ टायटल केसमध्ये ठेवा आणि आतलं सगळं सेंटेन्स केसमध्ये घ्या. तसंही एपीएच्या संदर्भसूचीत पुस्तकांची आणि लेखांची शीर्षकं सेंटेन्स केसमध्येच लिहावी लागतात. नियतकालिकाचं नाव तेवढं टायटल केसमध्ये.