तेहेतिसाव्या रकान्यासाठी तरी जा

जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियममधलं 'श्राइन ऑफ द बुक', म्हणजे मृत समुद्राकाठी सापडलेल्या प्राचीन हिब्रू गुंडाळ्यांचं दालन, मी पाहिलं ते पोथ्यांची बाई म्हणून. पुण्यात अठ्ठावीस वर्षं पोथ्यांची डागडुजी केली आहे. त्यामुळे मत जरा झुकलेलं असणार, हे आधीच सांगते.

टूरवाल्यांनी अख्ख्या म्युझियमला दीड तास दिला होता. त्यातली चाळीस मिनिटं बाहेरच्या प्राचीन जेरुसलेमच्या प्रतिकृतीपाशीच गेली. प्रतिकृती सुरेख आहे, पण मी काही त्यासाठी आले नव्हते. गटाला रामराम ठोकला आणि मावशींबरोबर आत शिरले. मावशी म्हणजे आईची अलिबागची मैत्रीण. बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू; आता इस्रायलमध्ये लोदला असतात. त्यांना हिब्रू वाचता येतं, म्हणून माझं फावलं.

इमारतीचा पांढरा घुमट म्हणजे रांजणाचं झाकण. मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहेत १९४७ च्या सुमारास बेदुईन मेंढपाळांना पहिल्या गुंडाळ्या सापडल्या, त्या अशाच झाकणाच्या मातीच्या रांजणांत. आत बोळही गुहेसारखा, आणि उजेड इतका मंद की मागून कुणीतरी "लाइट गेले का?" म्हणालं. अहो, दोन हजार वर्षांचं चामडं आहे ते! मूळ तुकडेसुद्धा काही महिने मांडून पुन्हा अंधारात विश्रांतीला पाठवतात.

मधल्या गोल चौथऱ्याभोवती यशयाची, म्हणजे बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाची, गुंडाळी आहे. १७ चर्मपत्रं शिवून केलेली, ७.३४ मीटर लांब, ५४ रकाने. तिथे गुंडाळलेली आहे ती प्रतिकृती. त्यावरून नाक मुरडणारे भेटले, पण मला उलट बरं वाटलं, कारण सगळी एकसलग बघता येते. ही गुंडाळी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. खालच्या मजल्यावरची हिब्रू बायबलची प्रसिद्ध अलेप्पो पोथी दहाव्या शतकातली, म्हणजे मध्ये हजारेक वर्षं गेली. शब्दांत, शुद्धलेखनात फरक पुष्कळ आहेत, तरी ग्रंथ तोच. नकला करणाऱ्यांच्या किती पिढ्या झाल्या असतील मध्ये!

मी मावशींना रकाने मोजत तेहेतिसाव्यापाशी नेलं. चाळिसावा अध्याय. तिथे ओळींच्या मधे बारीक अक्षर घुसवलंय आणि ते डाव्या समासातून खाली उतरलंय. मावशींनी वाचलं आणि हसल्याच. "अगं, हा लिहिणारा ओळ विसरला की! मागनं कुणीतरी भरलीय." 'गवत सुकतं, फूल कोमेजतं' हे शब्द तिथे लागोपाठ दोनदा येतात. पहिल्यांदा लिहून झाल्यावर नजर थेट दुसऱ्याच्या पुढे गेली आणि मधला मजकूर सुटला. पुढचं वाक्य काय, तर आपल्या देवाचं वचन सर्वकाळ टिकतं! ही चूक मी मराठी पोथ्यांत शेकड्यांनी पाहिलीय. आपल्याकडे चुकलेल्या अक्षरावर हरताळ फासत, इथे नको असलेल्या अक्षराला टिंबं दिलेली दिसतात. त्या लेखनिकाशी माझी तिथल्या तिथे ओळख झाली.

एक गोष्ट मात्र जिवाला लागली. १९५० च्या दशकात कुमरानच्याच चौथ्या गुहेतले हजारो तुकडे जुळवताना विद्वानांनी ते चक्क सेलोटेपनं चिकटवले. पुढे तो डिंक चामड्यात मुरला, काळा पडला, आणि तो काढायचं काम संवर्धक वर्षानुवर्षं करताहेत. हसू नका, आपल्याकडेही पोथ्यांना लावलेल्या टेप मी स्वतः सोडवल्यात. गुहेनं जे जपलं त्याला चाळीस पैशांच्या टेपनं छळलं.

विक्रीची कथाही भन्नाट. पहिल्या सात गुंडाळ्यांपैकी यशयासकट चार सीरियन चर्चच्या एका धर्मगुरूंकडे गेल्या. त्यांनी १९५४ मध्ये अमेरिकेत चक्क वर्तमानपत्रात छोटी जाहिरात दिली. इस्रायली पुरातत्त्वज्ञ यिगाएल यादीन यांनी मध्यस्थामार्फत अडीच लाख डॉलरना त्या घेतल्या. उरलेल्या तीन त्यांच्या वडिलांनी, सुकेनिक यांनी, आधीच मिळवल्या होत्या. ही जाहिरात मात्र बघायला ते राहिले नव्हते.

माझ्याकडून पाचपैकी पाच. दोन तास हातात ठेवा, टूरवाल्याचं ऐकू नका. जाणं जमत नसेल तर लिओन लेव्ही डिजिटल लायब्ररी या वेबसाइटवर या गुंडाळ्यांच्या हजारो तुकड्यांचे फोटो फुकट पाहता येतात. काळ्याठिक्कर चामड्यावरची अक्षरं इन्फ्रारेडमध्ये कशी वर येतात ते बघाच. मी मावशींना लिंक पाठवली, तर रात्री साडेअकराला त्यांचा फोन, "अगं, झोपू देशील का मला?"